रात्री अकरानंतरचं जहाजभंगार (हार्डस्पेस: शिपब्रेकर कोणी खेळतंय का?)

रातकिडा

दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. साडेदहाला शेवटचा कॉल संपतो. घरातले झोपलेले असतात आणि माझ्याकडे मात्र झोप फिरकत नाही. पूर्वी या वेळात मोबाईल चाळत पडायचो. गेले पाच महिने जहाजं फोडतोय.

गेमचं नाव हार्डस्पेस: शिपब्रेकर. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्हने केलेला. जून २०२० मध्ये अर्धाकच्चा बाजारात आला, मे २०२२ मध्ये पुरा झाला. म्हणजे बातमी शिळी आहे, पण इथे शोधलं तर यावर एकही धागा दिसला नाही.

काम असं: पृथ्वीच्या कक्षेत गोदी, गोदीत टांगलेलं एक निकामी अवकाशयान आणि सूट घातलेले तुम्ही एकटे. हातात कटर आणि ग्रॅपल. ग्रॅपलने लांबची वस्तू पकडता येते, ओढता येते, ढकलता येते. यान खोलायचं आणि माल तीन ठिकाणी लावायचा. ॲल्युमिनियम भट्टीत, नॅनोकार्बनचे पत्रे प्रोसेसरमध्ये, आणि खुर्च्या, संगणक, इंजिनं, अणुभट्टी असा धडधाकट माल खालच्या बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या तराफ्यावर. शत्रू नाही, बंदूक नाही, मागे कोणी लागत नाही.

काल रात्री एक मॅकरल आलं होतं. मॅकरल म्हणजे आपला बांगडा. या गेममधली लहान जहाजं याच जातीची. बांगडा साफ करताना आधी कल्ले आणि पोटातली घाण काढतात, तसं इथेही आधी पोट. एअरलॉकमधून आत शिरलो, भिंतीवरचा हवा-नियंत्रक शोधला, खोल्यांतली हवा सोडून दिली. हवा असताना आपटलेली प्रत्येक वस्तू खणखणीत ऐकू येते. हवा गेली की कानांवर उशी दाबल्यासारखं होतं. उरतो फक्त स्वतःचा श्वास आणि मागे कुठेतरी वाजणारी गिटार. अमेरिकेतल्या गावाकडच्या हॉटेलाबाहेर कोणी पायरीवर बसून वाजवावी तशी.

मग खुर्च्या, मग संगणक. नंतर स्कॅनर लावला की जोड पिवळे दिसतात, ते एकेक करून वितळवायचे. शेवटचा जोड गेला आणि बाजूचा अख्खा पत्रा मोकळा झाला. खोलीएवढा. ग्रॅपलने हलकेच ढकलला, तो गिरक्या घेत प्रोसेसरच्या निळ्या तोंडाकडे निघाला. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, फ्रीजमधला एक पेढा खाल्ला, परत आलो तरी तो पोचायचा होता.

त्या पत्र्याकडे बघत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात डोक्यात काहीही चाललेलं नाही अशी ही पहिलीच पाच मिनिटं.

अजून कोणी या नादाला लागलंय का? आणि असाच एकट्याने करायच्या भंगारकामाचा दुसरा गेम माहीत असेल तर सांगा.

खडूस_मांजर

म्हणजे दिवसा कंपनीचं काम फुकट झोप घालवून करायचं आणि रात्री स्वतःचे पैसे भरून अजून एका कंपनीचं काम करायचं? वहिनींना माहीत आहे का? (हलके घ्या.)

रातकिडा

वहिनींना एवढंच माहीत आहे की मी "जहाजावर" असतो. फरक एकच: ऑफिसात एक बग मिटवला की दोन उगवतात. इथे जे कापलं ते कापलं, भट्टीत गेलेलं परत येत नाही. सकाळी गोदी रिकामी.

पाना_पक्कड

+१. शंभर तासांच्या वर झालेत माझे.

रातकिडा, तू नक्की ओपन शिफ्टवर खेळतोयस. नेहमीच्या पद्धतीत पंधरा मिनिटांची शिफ्ट असते, प्राणवायू संपत असतो, मधेच दुकानाच्या खांबापाशी जाऊन भरून आणावा लागतो. तिथे तुझा पेढा झाला नसता. ओपन शिफ्टमध्ये घड्याळही नाही आणि प्राणवायूची चिंताही नाही. निवांतपणासाठी खेळणाऱ्या नव्या लोकांनी नवा डाव सुरू करतानाच तो पर्याय घ्यावा. "खरा खेळ घड्याळ लावून" म्हणणारे भेटतील, त्यांना दुर्लक्षून मारा. मी चाळीसेक तास घड्याळावर काढले, शिफ्ट संपली की खांदे दुखायचे. मग गेम खेळतोय कशाला?

हवेबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण नवखे तिथेच मरतात.

नियंत्रकाने त्याच्या खोलीची आणि त्या खोलीशी उघड्या दारांनी जोडलेल्या भागाची हवा जाते. एखादी खोली दार लावून तशीच राहिली असेल तर ती आतून फुगलेला डबा आहे. तुम्ही समजता सगळं निर्वात झालंय, बिनधास्त भिंत कापता, आणि तो डबा फुटतो. खुर्च्या, पत्रे, तुम्ही, सगळे एका दिशेने. म्हणून आत शिरलं की आधी सगळं फिरून बघायचं, कुठली दारं बंद आहेत ते पाहायचं आणि मगच कळ दाबायची. माझी बायको गॅसवरून कुकर उतरवला की शिट्टी उचलून बघते आणि मगच झाकण काढते. तेवढंच शहाणपण इथे लागतं.

इंजिन काढण्याआधी नळ्यांतलं इंधन झडपेने काढून टाका. ते न करता जोड कापला तर पुढचं सांगायला नको.

आणि अणुभट्टी. ती बैठकीतून उपटली की उलटी मोजणी चालू होते, तेवढ्या वेळात बार्जवर पोचवायची. माझी पहिली मोठी चूक इथली. अडीच तास एक जहाज चाटूनपुसून साफ केलं, अणुभट्टी शेवटी ठेवली. मोठ्या तोऱ्यात उपटली आणि वळून बघतो तर तिच्या आणि बार्जच्या मधे मागची अख्खी भिंत शाबूत. कापायचीच राहिली होती. मी एका हाताने अणुभट्टी धरून दुसऱ्या हाताने भिंत कापतोय असा काहीतरी प्रकार झाला. नंतर गोदीत जे तरंगत होतं ते गोळा करायला पुढच्या दोन रात्री गेल्या.

तेव्हा वाट आधी मोकळी करा, मग उपटा.

मळभ

वाचून घेतला. वीस मिनिटांत पोटात ढवळायला लागलं. वर-खाली काही कळतच नाही. मला एसटीतही लागायची, घाटात. उपाय आहे का की पैसे गेले?

पाना_पक्कड

होतं असं बऱ्याच जणांना. सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढव, मोशन ब्लर बंद कर. आणि अंग गोल फिरवायची बटणं पहिले काही दिवस विसरून जा. बार्ज म्हणजे खाली असं मनाशी ठरव, तिच्याकडे पाय करून राहा. वेग कमी. ब्रेकचं बटण सारखं वापर.

मीठभाकर

मळभ, आल्याचा तुकडा चोखत खेळ. हसू नका, माझं त्यावरच निभावलं.

मी प्लेस्टेशन ५ वर खेळते (सप्टेंबर २०२२ पासून तिथेही आहे, एक्सबॉक्स सिरीजवरही). मुलगी शाळेत गेली की पाऊण तास. माझी पद्धत तुमच्यासारखी शिस्तीची नाही. मी आधी जहाजाच्या आत नुसती फिरते. कुठे बंक, कुठे पोस्टर, कुठे कोणाचा तरी अर्धवट निरोप. ज्या घरातले लोक सोडून गेलेत त्या घरात आवराआवर करायला आपण आलोय असं वाटतं. आजी गेल्यावर तिचं घर आवरलं होतं आम्ही बहिणींनी, चार दिवस. तसंच. डबे उघडायचे, हे ठेवायचं, हे टाकायचं.

पण मला एक विचारायचंय. सगळे "निवांत, निवांत" म्हणताय, आणि गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही? गेम सुरू होतो तेव्हा तुमच्या डोक्यावर सव्वाशे कोटींचं कर्ज असतं. हत्यारांचं भाडं रोज कापून घेतात. मेलात तर तुमची नवी प्रत काढतात आणि तिचंही बिल तुमच्याच नावावर. ती लिंक्स नावाची कंपनी म्हणजे सावकारच. पुढे कामगार संघटना बांधायचा सगळा भाग येतो. तो हॅल नावाचा साहेब बोलायला लागला की माझी मूठ वळते. ज्यांनी हा गेम लिहिला त्यांना म्हणायचंय एक, आणि आपण खेळतोय भलतंच, असं नाही वाटत?

रातकिडा

खरं सांगू? मी ते सगळं सोडून देतो. वीव्हर, म्हणजे आपला मुकादम, त्याचं बोलणं ऐकायला आवडतं, पण हॅल आला की मी कटर चालू ठेवतो. कर्जाचा आकडा इतका मोठा आहे की तो कर्ज वाटतच नाही. वीस लाखांचं असतं तर झोप उडाली असती.

खडूस_मांजर

गृहकर्जवाला बोलला.

गिधाड_बारा

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: स्टार सिटिझन, आणि त्यातलं व्हल्चर. माझं नाव त्यावरूनच.

हा वेगळा प्राणी आहे, आधीच सांगतो. २०१२ मध्ये लोकांकडून वर्गणी घेऊन सुरू झालेला प्रकल्प, अजून अल्फाच, म्हणजे अर्धाकच्चाच म्हणवतो. पण मार्च २०२३ मध्ये ३.१८ आवृत्तीत भंगारकाम आलं आणि तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. व्यापार नाही, लढाई नाही.

व्हल्चर हे एका माणसाचं जहाज. पुढे दोन हात, त्यातून किरण निघतात. मेलेल्या जहाजापाशी जायचं, किरण पत्र्यावर धरायचे आणि हळूहळू फिरवायचे. दुधीची साल काढावी तसा पृष्ठभाग सुटत जातो, खालचा नागडा धातू दिसायला लागतो. जवळ गेलात तर आपटाल, लांब गेलात तर काही निघत नाही. ते अंतर एकदा हाताला बसलं की बास.

सोललेल्या मालाची मागच्या भागात खोकी बनतात. आणि मला जे आवडतं ते हे: खोकी आपोआप लागत नाहीत. खुर्चीतून उठायचं, जिना उतरून मागे चालत जायचं, यंत्रातून खोकं ओढायचं आणि स्वतः रचायचं. बारा घरांचा माल-कट्टा आहे. लोक त्याच्या वर, बाजूला, वाटेतसुद्धा रचतात. मीही एकदा इतकी रचली की परत खुर्चीपर्यंत जायला जागा नव्हती. आमच्या किराणा दुकानात दिवाळीच्या आधी तेलाचे डबे येतात तेव्हा वडील असेच डब्यांच्या मागे अडकायचे, त्यांची आठवण आली.

तोटा एकच पण मोठा. तिथे खरी माणसं असतात. एकदा दोन तास सोलून झाल्यावर कोणीतरी आला, एक शब्द बोलला नाही, मला उडवलं आणि माझी खोकी नेली. गिधाडाचंही गिधाड असतं. तेव्हा रात्री डोकं थंड करायचं असेल तर आपला हार्डस्पेस बरा. थोडी धाकधूक चालणार असेल तर व्हल्चर. मोठं रिक्लेमर नावाचं जहाजही आहे, पण त्यात चार मित्र लागतात आणि चार मित्र आले की गप्पा येतात. गप्पांसाठी मी कट्ट्यावर जातो.

रातकिडा

दुधीची साल! हे बघायला हवं. पण अनोळखी माणूस येऊन उडवणार असेल तर नको रे बाबा. तो प्रकार दिवसा मीटिंगमध्ये होतोच.

रे_रोडकर

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझे मामा दारुखान्यात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रे रोड स्टेशनला उतरून समुद्राच्या बाजूला गेलं की मुंबईतली जहाजं फोडायची जागा. गुजरातेत अलंगला १९८३ मध्ये काम सुरू झालं आणि तिकडचं खूप मोठं झालं, दारुखाना त्याच्यापुढे लहान. पण आपली जुनी आयएनएस विक्रांत आठवतेय ना? १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं तरंगतं संग्रहालय होती. ती २०१४ च्या शेवटी फोडायला घेतली ती दारुखान्यातच. तिच्या लोखंडातून पुढे मोटरसायकल निघाली, ती सगळ्यांना माहीत असते. कापणारे कोणाला माहीत नसतात.

मामा महाडकडचे. आधी हेल्पर, मग गॅस कटर. भरतीला जहाज चिखलात आणायचं, विंचने ओढायचं, आणि मग महिनोन् महिने कापायचं. रातकिडा म्हणतो त्यातलं एक तंतोतंत खरं आहे: आधी हवा. टाकीत माणूस उतरण्याआधी आणि ज्योत लावण्याआधी वायू तपासून दाखला घ्यायचा असतो. 'मॅन एन्ट्री' वेगळा, 'हॉट वर्क' वेगळा. मामांच्या सुरुवातीच्या दिवसांत ते दाखले कुठे असायचे, कुठे नुसते म्हणायला असायचे. एका प्लॉटवर त्यांच्या शेजारी काम करणारा मुलगा तेलाच्या टाकीत उतरला तो वर आला नाही. त्याला बाहेर काढायला अजून एक उतरला. मामांना त्या दिवशी उलट्या होत होत्या म्हणून ते वरच बसले होते. एवढंच सांगतात, पुढे सांगत नाहीत.

त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला ठिणग्यांचे डाग आहेत, तीळ असावेत तसे. जहाजाच्या जुन्या रंगाचा धूर किती वर्षं छातीत घेतला ते त्यांचं त्यांना माहीत.

तुमच्यावर राग नाही. पण "जहाज फोडणं निवांत" हे वाचताना कसंतरी झालं, म्हणून लिहिलं.

रातकिडा

रे_रोडकर, लिहिलंत ते फार बरं केलंत. यावर काय म्हणावं हे मला कालपासून सुचत नाहीये. माझ्या कटरला ना वास, ना धूर. मेलो तर परत उठतो. मला जे निवांत वाटतं त्यात त्या कामातलं जड होतं ते सगळं आधीच काढून टाकलेलं आहे.

मीठभाकरच्या प्रश्नाला मी टवाळीत उत्तर दिलं होतं. काल रात्री हॅलचं सगळं बोलणं कटर खाली ठेवून ऐकलं.

मीठभाकर

आणि?

रातकिडा

मूठ वळली.

पाना_पक्कड

माझं मत थोडं वेगळं आहे. शेती करणाऱ्याच्या मुलाने शेतीचा गेम खेळू नये असं कोणी म्हणत नाही. माझे आजोबा रेल्वे वर्कशॉपला फिटर होते आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी घरातला चांगला चालणारा पंखा खोलून बसायचे. कारण काय, तर वर्कशॉपात फोरमन डोक्यावर आणि घरी पंखा त्यांचा. कामाचा त्रास हाताला कमी असतो, डोक्यावर बसलेल्याचा जास्त. ओपन शिफ्ट म्हणजे रविवारचा पंखा.

अर्थात टाकीत उतरणाऱ्याला हे लागू नाही, ते कळतं.

मळभ

मधेच येतोय. आलं चाललं! काल पन्नास मिनिटं. बार्जकडे पाय करून. पहिला बांगडा अर्धा साफ केला आणि एक खुर्ची चुकून भट्टीत घातली. खुर्चीच्या पाठोपाठ मीही गेलो, भट्टी ओढते हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाना_पक्कड

सगळे जातात एकदा. प्रसाद समज. जवळ जायचंच नाही. पत्र्याला आणि भट्टीला टेदर, म्हणजे ओढदोर लावून दे, तो ओढून नेतो.

रे_रोडकर

तीन आठवड्यांनी येतोय.

धाग्यावर लिहून झाल्यावर उगाच रुखरुख लागली, म्हणून गेम घेतला. परवा मामा आमच्याकडे आले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दुपारी मी लावून बसलो तर मागे येऊन उभे राहिले. "हे काय?" म्हटलं, जहाज कापतोय. म्हणाले, "हे जहाज? याला नांगर कुठाय?"

मग खुर्ची ओढून बसले. मी हवा सोडली ते त्यांना पटलं. पत्र्याचे जोड कापायला लागलो तर म्हणाले, "थांब, थांब. पळायची वाट बघितलीस का?" मी म्हटलं कशाला? म्हणाले, पत्रा सुटला की कुठे पडेल ते आधी बघायचं, आपण दुसऱ्या बाजूला राहायचं, आणि पायाखाली केबल नको. मी शेवटचा जोड कापला. मामांनी नकळत खुर्ची मागे सरकवली, पायांनीच.

पत्रा जागच्या जागी राहिला. हललाच नाही.

मामा बघतायत, बघतायत. मला वाटलं काहीतरी बोलतील. मग हसायला लागले. इतके, की डोळ्याची पट्टी सांभाळायला मामी धावत आल्या. "पडतच नाही गं हा," मामींना दाखवून सांगत होते, "पडतच नाही!"

रातकिडा

वाचून नुसता बसलोय.

मामांना हातात कंट्रोलर दिलात की नाही?

रे_रोडकर

दिला, पण डॉक्टरांनी आठ दिवस स्क्रीन नको म्हटलंय, म्हणून सध्या मी कापतो आणि ते शेजारी बसून ऐकतात, मधेमधे एका डोळ्याने बघतात. रोज सकाळी विचारतात, "आज कुठलं लागलंय धक्क्याला?" काल गेको जातीचं जहाज लागलं होतं. अणुभट्टी उपटण्याआधी मला मागची भिंत कापायला लावली. पाना_पक्कडचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला होता. त्यांचं म्हणणं, तो मुलगा हेल्पर म्हणून ठीक आहे, कटर अजून द्यायचा नाही त्याच्या हातात.

पाना_पक्कड

मामांना दंडवत. हेल्परची हजेरी लावून घ्या.